आरशांतील मेरी : एका भयकथेचा अभ्यास

भुताची गोष्ट ऐकावयास नको म्हणणारा विद्यार्थी आम्हांला अद्यापि भेटलेला नाहीं. पावसाळ्याच्या रात्रीं दिवे जावेत, अंथरुणें एकमेकांशेजारीं ओढलीं जावींत, आणि कोणी तरी आवाज उतरवून सांगूं लागावें, कीं सारी खोली कान देऊन ऐकूं लागते. पिंपळावरचा मुंजा, वाटसरूला रानांत फिरविणारा चकवा, उलट्या पावलांची हडळ, हीं नांवें आपल्यापैकीं बहुतेकांनीं आजीच्या मांडीवरच ऐकलेलीं असतात. त्या गोष्टी ऐकून कोणाचें फारसें वाईट झालें असें आम्हांस वाटत नाहीं. कारण गोष्ट संपतां संपतां आजीचा हात पाठीवर असे. परंतु गोष्ट तीच राहून तो हात मात्र निघून गेला, म्हणजे काय होतें, हें आम्हांस एकदां जवळून पाहावयास मिळालें. त्यामुळेंच हा लेख लिहावयास घेतला आहे.

आमच्या परिचयाच्या एका वसतिगृहांत पांचवीच्या वर्गांतील एक मुलगी आजारी पडली. ताप येई, ओटीपोट दुखे, लघवी करतांना जळजळ होई. डॉक्टरांनीं औषध दिलें आणि सांगितलें कीं, ही मुलगी पाणी फार कमी पिते व लघवी फार वेळ दाबून धरते. वसतिगृहाच्या बाईंनीं तिला जवळ घेऊन कारण विचारिलें. पुष्कळ वेळानें ती म्हणाली, "बाई, दुपारनंतर मी पाणी पीतच नाहीं. मग रात्रीं तिकडे जावें लागत नाहीं."

'तिकडे' म्हणजे ओसरीच्या टोकाला असलेल्या न्हाणीघराकडे. तेथील आरशासमोर दिवा मालवून उभें राहावें व एक नांव तीन वेळां घ्यावें, म्हणजे आरशांत रक्तानें माखलेली एक बाई दिसते, असें मोठ्या वर्गांतील मुलींनीं तिला सांगितलें होतें. इतकेंच नव्हे, तर एका रात्रीं तिला आंत लोटून बाहेरून कडीही घातली होती. तें नांव होतें 'ब्लडी मेरी', म्हणजे रक्ताळलेली मेरी. त्याच वर्गांत मेरी नांवाची दुसरी एक गरीब स्वभावाची मुलगी होती. तिलाही त्या दिवसांत "आरशांत जाऊन बस" म्हणून चिडविण्यांत येई. प्रभु येशूच्या मातेचें जें नांव आपण आदरानें घेतों, त्याची अशी दशा झालेली पाहून आम्हांस खेद वाटला.

आमच्या इकडील मुंजा व हडळ सोडून हें परकें भूत त्या न्हाणीघरांत कोठून आलें? चौकशी केली तेव्हां कळलें कीं, मोठ्या मुलींपैकीं एकीनें सुट्टींत आपल्या चुलतबहिणीकडे एक इंग्रजी कादंबरी वाचली होती. ती कादंबरी आम्हीं मिळवून वाचली. आणि मग त्या कादंबरीच्या पाठीमागील दंतकथेचा मागही काढीत गेलों. वनस्पतिशास्त्राच्या तासाला आपण फूल पाकळी पाकळी सोडवून पाहतों, त्याप्रमाणें ही भीति सोडवून पाहावी, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

पुस्तकाची हकीकत

कादंबरीचें नांव 'मेरी : द समनिंग'. हिलरी मोनाहन ह्यांनीं लिहिलेली ही कादंबरी २०१४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली, आणि तिचा पुढील भाग २०१५ सालीं निघाला. कुमारवयीन वाचकांसाठीं लिहिलेल्या भयकथांमध्यें तिची गणना होते. शाउना, जेस, किटी व आना ह्या चार मैत्रिणींची ही कथा असून, सांगणारी शाउना आहे.

ह्या चौघींत जेस ही पुढारी. आरशांतील मेरीला बोलावण्याची खरी रीत आपल्याला सांपडली आहे, असें सांगून ती बाकीच्या तिघींना तयार करते. अंधारी खोली, आरसा, मेणबत्ती, मीठ, आणि हातांत हात घालून उभ्या राहिलेल्या चौघी. आरशांत खरोखरच कांहीं तरी दिसतें. इतर तिघींना तेवढें पुरे होतें. जेसला पुरे होत नाहीं. खेळ पुन्हां मांडला जातो. ह्या खेपेस घडूं नये तें घडतें, शाउनाच्या अंगावर ओरखडे उमटतात, आणि त्या दिवसापासून मेरी तिचा पाठलाग करूं लागते. खिडकीची कांच घ्या, कीं दुसरी कोणतीही चकचकीत वस्तु घ्या. जेथें जेथें प्रतिबिंब पडतें, तेथें तेथें शाउनाला संकटाचें दार दिसूं लागतें.

पुस्तकाचा गुणदोषविचार थोडक्यांत करावयाचा, तर त्यांत रक्तपात व किळस आणणारीं वर्णनें पुष्कळ आहेत, आणि लहान वर्गांतील मुलांच्या हातीं तें देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. तथापि त्यांत दोन गोष्टी विचार करण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, ह्या कथेंतील सर्व अनर्थाचा आरंभ भुतापासून होत नाहीं. तो एका मैत्रिणीच्या हट्टापासून होतो. जेसला जें ठाऊक असतें, तें सर्व ती आपल्या सख्यांना सांगत नाहीं. मैत्री गमावण्याच्या भयानें बाकीच्या तिघी तिच्या मागून जातात. दुसरी गोष्ट अशी कीं, कथेच्या ओघांत मेरीनें आपल्या बहिणीला लिहिलेलीं जुनीं पत्रें येतात. त्यांवरून दिसतें कीं, आरशांतील हा भयंकर प्राणी एके काळीं एक साधी मुलगी होता. तिच्या भोंवतालच्या माणसांनीं तिचा छळ केला, आणि तिच्या बाजूला उभें राहावयास कोणी नव्हतें. ह्या दोन गोष्टी वाचकानें लक्षांत ठेवाव्या. पुढें त्यांचा उपयोग होणार आहे.

दंतकथेचें मूळ

ही मेरी लेखिकेनें स्वतः निर्माण केलेली नाहीं. अमेरिकेंतील मुली कित्येक वर्षांपासून न्हाणीघराच्या आरशासमोर हा खेळ खेळत आलेल्या आहेत. अशा कथांना शहरी दंतकथा म्हणतात. अमेरिकेंतील लोककथांचे अभ्यासक जॅन हॅरोल्ड ब्रनव्हँड ह्यांनीं १९८१ सालीं ह्या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हांपासून हें नांव सर्वतोमुखीं झालें. शहरी दंतकथेची एक खूण ते सांगतात, ती ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ती सांगणारा "हें मीं पाहिलें" असें कधीं म्हणत नाहीं. "माझ्या मित्राच्या मित्रानें पाहिलें," असें म्हणतो. त्या मित्राच्या मित्राकडे जावें, तर तो आणखी कोणाचें नांव सांगतो. विहिरींत दोर सोडीत जावें आणि पाणी कधींच लागूं नये, त्यांतलाच हा प्रकार.

मेरीची कथा गांवोगांवीं बदलते. कोणी तिला जाळलेली चेटकीण म्हणतात. कोणी रस्त्यावरील अपघातांत मेलेली तरुणी म्हणतात. कोणी मूल गमावलेली आई म्हणतात. कोठें तिचें नांव तीन वेळां घ्यावयाचें, तर कोठें तेरा वेळां, तर कोठें शंभर वेळां. नांवही एक नाहीं. कोठें मेरी वर्थ, कोठें मेरी व्हेल्स. जॅनेट लँगलॉइ नांवाच्या अभ्यासक विदुषीनें इंडियानापोलिस शहरांतील शाळकरी मुलांकडून ही कथा ऐकून १९७८ सालीं त्यावर एक लेख लिहिला. ह्या खेळाचा शास्त्रीय दृष्टीनें अभ्यास करणाऱ्या पहिल्या कांहीं लेखांत त्याची गणना होते.

पुष्कळांस असें वाटतें कीं, ही मेरी म्हणजे इंग्लंडची राणी पहिली मेरी होय. ती १५५३ पासून १५५८ पर्यंत गादीवर होती, आणि तिच्या कारकीर्दींत सुमारें २८० प्रॉटेस्टंट लोकांना धर्ममताकरितां जिवंत जाळण्यांत आलें. त्यामुळें 'ब्लडी मेरी' हें दूषण तिला चिकटलें, हें खरें. परंतु त्या राणीचा आणि आरशाच्या ह्या खेळाचा कांहीं संबंध होता, असें दाखविणारा पुरावा नाहीं. नांव सारखें म्हणून माणूस तोच, असें अनुमान काढणें हा इतिहासाच्या अभ्यासांतील एक नेहमींचा दोष आहे. विद्यार्थ्यांनीं तो टाळण्यास शिकावें.

खेळाचें मूळ शोधावयाचें तर तें दुसरीकडेच सांपडतें, आणि तें ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. स्कॉटलंडमध्यें ३१ ऑक्टोबरच्या रात्रीं, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या आदल्या रात्रीं, तरुण मुली मेणबत्ती घेऊन एकट्याच आरशासमोर उभ्या राहत व सफरचंद खात. असें केलें असतां आपल्या भावी पतीचा चेहरा खांद्यावरून डोकावतांना दिसतो, अशी समजूत होती. रॉबर्ट बर्न्स ह्या कवीनें १७८५ सालीं लिहिलेल्या 'हॅलोविन' ह्या कवितेंत हा प्रकार आलेला आहे. त्यांत एक लहान मुलगी आपल्या आजीला "माझ्याबरोबर आरशापाशीं ये" म्हणून विनविते, आणि आजी संतापून तिला ताकीद देते कीं, अशा खेळानें भ्रमिष्ट होऊन गेलेलीं माणसें थोडीं नाहींत! विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत त्या सणानिमित्त जीं चित्रपत्रें छापलीं जात, त्यांवरही मेणबत्ती व आरसा घेतलेली मुलगी पुष्कळदां दिसते.

म्हणजे काळोख, मेणबत्ती, आरसा व एकटी मुलगी एवढें साहित्य पूर्वीपासून तेंच आहे. पूर्वीं त्यांत नवरदेव दिसे, पुढें रक्ताळलेली बाई दिसूं लागली. जें पाहावयास मन तयार होऊन जातें, तेंच आरसा दाखवितो, असा संशय येथेंच येऊं लागतो. आतां तो संशय शास्त्राच्या कसोटीस लावून पाहूं.

आरसा कसा फसवितो

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. "आरशांत कांहीं दिसत नाहीं, सर्व थापा आहेत," असें म्हणून मुलांना गप्प बसविणें बरोबर नाहीं. मंद उजेडांत आरशाकडे टक लावून पाहिलें असतां कांहीं तरी दिसतें, हें खरें आहे. प्रश्न एवढाच कीं, जें दिसतें तें कोठें असतें?

१८०४ सालीं इग्नाझ ट्रॉक्सलर नांवाच्या स्विस वैद्यानें एक साधी गोष्ट नमूद करून ठेवली. एका ठिपक्यावर नजर खिळवून ठेवली, म्हणजे त्याच्या आजूबाजूचे फिकट डाग कांहीं सेकंदांत नाहींसे होतात. डाग पुसलेले नसतात. नजर हालली कीं ते पुन्हां दिसूं लागतात. ह्याचें कारण असें कीं, आपले ज्ञानतंतु बदलाची वर्दी देतात. जें मुळींच बदलत नाहीं, त्याची वर्दी देण्याचें ते हळूहळू सोडून देतात. अंगावरचा सदरा आपल्याला दिवसभर जाणवत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

आतां अंधुक उजेडांत आरशासमोर उभ्या राहिलेल्या मुलीचा विचार करा. ती स्वतःच्या डोळ्यांकडे टक लावून पाहत आहे. नाक, ओंठ, गाल ह्यांच्या रेषा आधींच पुसट. त्या हळूहळू विरूं लागतात. मेंदूला रिकामी जागा खपत नाहीं. तो ती आपल्या पदरचें घालून भरून काढतो. त्यांतून मेंदूंत चेहरे ओळखण्याचें काम करणारा एक विशेष भाग आहे, आणि तो इतका उत्सुक असतो, कीं भिंतीवरील ओलीच्या डागांत, ढगांत व नारळाच्या तीन डोळ्यांतसुद्धां त्याला चेहरा दिसतो. अर्धवट पुसलेल्या चेहऱ्यावर तो दुसरा चेहरा रचूं लागतो. जवळची मेणबत्ती थरथरत असेल, तर सांवल्या हालतात आणि तो चेहरा जिवंत होतो.

इटलींतील उर्बिनो येथील विद्यापीठांत जोव्हानी कापुतो ह्या मानसशास्त्रज्ञानें ह्याचा प्रयोग केला व २०१० सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानें ५० व्यक्तींना एकेक करून मंद उजेडाच्या खोलींत आरशासमोर बसविलें. दिवा पाठीमागें ठेवलेला, अवघा २५ वॉटचा. दहा मिनिटें आपल्या चेहऱ्याकडे पाहत राहावयाचें, एवढेंच काम. कोणतेंही नांव घ्यावयाचें नव्हतें, कीं कोणतीही गोष्ट सांगितलेली नव्हती. तरीही ५० पैकीं ३३ जणांना आपला चेहरा अतिशय विद्रूप झालेला दिसला; १४ जणांना कोणी अनोळखी माणूस दिसला; ९ जणांना आपल्या आईचा किंवा बापाचा चेहरा बदललेल्या रूपांत दिसला; आणि २४ जणांना विलक्षण किंवा राक्षसी प्राणी दिसले. कित्येकांना तर हें सर्व दिसावयास एक मिनिटही लागलें नाहीं.

ह्या आंकड्यांचा अर्थ नीट समजून घ्या. हे लोक भित्रे नव्हते, कीं वेडे नव्हते, कीं खोटेंही बोलत नव्हते. त्यांचे डोळे व मेंदू निरोगी होते, आणि निरोगी डोळे व मेंदू जसें वागतात तसेच ते वागले. तेव्हां ज्या मुलीला आरशांत कांहीं दिसलें, तिला हंसूं नये; आणि तिला भूत लागलें असेंही म्हणूं नये. तिनें स्वतःच्या मेंदूची कारागिरी पाहिली, एवढेंच काय तें झालें. दिवा लावला कीं ती कारागिरी संपते.

जपानांतील एक शिक्षक

न्हाणीघरांतील भूत ही कांहीं अमेरिकेचीच मिरास नाहीं. जपानांतील शाळांत 'हानाको' नांवाच्या मुलीची दंतकथा सर्वत्र प्रसिद्ध आहे. शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर जावयाचें, मुलींच्या शौचकूपांपैकीं तिसऱ्याचें दार तीन वेळां ठोठवावयाचें, आणि हानाको आंत आहे काय म्हणून विचारावयाचें. म्हणजे आंतून "होय" असें उत्तर येतें, असें मुलें एकमेकांना सांगतात.

तोक्यो येथील त्सुनेमित्सु तोरू नांवाच्या एका शिक्षकांनीं ह्या बाबतींत जें केलें, तें आम्हांस अनुकरणीय वाटतें. अशा गोष्टी सांगणाऱ्या मुलांवर डोळे वटारण्याऐवजीं त्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांकडूनच त्या ऐकून घेतल्या व टिपून ठेवल्या. त्यांतून १९९० सालापासून 'शाळेंतील भुताच्या गोष्टी' अशा अर्थाच्या नांवाची मुलांसाठींची पुस्तकमाला निघाली. ती अतिशय लोकप्रिय झाली, आणि १९९५ सालीं त्या नांवाचा चित्रपटही निघाला. जी गोष्ट अंधाऱ्या जिन्यांत कुजबुजली जात होती, ती वर्गांत उजेडांत मोठ्यानें बोलली गेली. भूत तेंच राहिलें. परंतु आतां तें ऐकावयास वर्गांत शिक्षक होते, आणि मुलें एकटीं नव्हतीं.

अमेरिकेंत काय, जपानांत काय, किंवा आपल्या इकडे काय, शाळेंतील भुतें न्हाणीघरांतच कां राहतात, ह्याचाही विचार करण्यासारखा आहे. शाळेंत सर्व ठिकाणीं शिक्षकांची नजर असते; न्हाणीघर तेवढें तिच्याबाहेर असतें. तेथें दाराला कडी असते, उजेड कमी असतो, आणि तेथें जावें तर लागतेंच. म्हणून ज्याला दुसऱ्यास छळावयाचें असतें, तोही तीच जागा पसंत करतो. जेथें मूल एकटें पडतें, तेथें भूत घर करतें.

खरें भय कोठें आहे?

आतां त्या वसतिगृहांतील हकीकतीकडे पुन्हां वळूं. त्या पांचवीच्या मुलीचें नुकसान कोणीं केलें? आरशानें केलें नाहीं. आरसा ही मुलामा चढविलेली कांच. मेरीनेंही केलें नाहीं. ती तर मुळांतच नव्हती. कादंबरीनेंही केलें असें आम्ही म्हणणार नाहीं, कारण तीच कादंबरी वाचून दुसरी एखादी मुलगी सावध झाली असती. नुकसान केलें तें बाहेरून घातलेल्या कडीनें. आणि ती कडी घालणाऱ्या मुली दुष्ट होत्या काय? त्यांना एकेकीस बोलावून विचारिलें, तेव्हां निराळेंच निघालें. त्यांच्यापैकीं दोघींना हा प्रकार मुळींच आवडला नव्हता. परंतु "तूं भित्री आहेस" हें ऐकावें लागेल, म्हणून त्या गप्प राहिल्या. म्हणजे त्या रात्रीं दाराच्या आंत एक मुलगी भुताला भीत होती, आणि दाराच्या बाहेर दोन मुली आपल्या मैत्रिणींना भीत होत्या. कादंबरींतील शाउना व तिच्या सख्या जेसच्या मागून कां गेल्या, ह्याचें उत्तर येथें मिळतें.

विद्यार्थिमित्रहो, शौर्य म्हणजे अंधारांत एकटें उभें राहणें, असें पुष्कळांना वाटतें. त्या रात्रीं कडीला हात घालणारी एखादी मुलगी पाहिजे होती. सर्व हंसत असतांना "पुरे झालें, दार उघडा" असें म्हणावयास जें धैर्य लागतें, तें आरशासमोर उभें राहावयास लागणाऱ्या धैर्याच्या दसपट आहे. पूर्ण प्रीति ही भीतीला घराबाहेर घालविते, अशा अर्थाचें जें शिक्षण प्रेषित योहानाच्या पत्रांत आपण वाचतों, त्याचा अर्थ आम्हांस त्या दिवशीं अधिक स्पष्ट कळला. भीति युक्तिवादानें कमी होते, हें खरें. परंतु ती जाते मात्र कोणी तरी जवळ येऊन बसल्यानें.

त्या बाईंनीं काय केलें, तेंही सांगतों. त्यांनीं कोणाला छडी मारली नाहीं. प्रथम त्यांनीं शाळेचीं जुनीं पटबुकें काढून मुलींसमोर ठेवलीं. कारण ह्याच न्हाणीघरांत पूर्वीं एक मुलगी मेली होती, अशीही एक गोष्ट मध्यंतरीं जोडली गेली होती. मुलींनीं स्वतः पानें चाळलीं. तसें नांव, तशी नोंद कोठेंच नव्हती. मग एका संध्याकाळीं दार सताड उघडें ठेवून, सर्व मुलींना एकत्र बसवून, मंद दिव्यांत त्यांनीं ट्रॉक्सलरचा ठिपका व आरसा हे दोन्ही प्रयोग करून दाखविले. ज्यांना पाहावयाचें नव्हतें त्यांना ओसरीवर बसण्याची मोकळीक होती. "माझें नाक गेलें!" म्हणून एक मुलगी ओरडली आणि सर्व हंसल्या. दुसऱ्या दिवशीं सुतार बोलावून न्हाणीघराची बाहेरची कडी काढून टाकण्यांत आली.

कडी घालणाऱ्या मुलींपैकीं एकीनें नंतर बाईंना विचारिलें, "बाई, रात्रीं मी तिच्याबरोबर जात जाऊं का?" ती आजही जाते. लहान मुलगी आतां पाणी पिते, बरी आहे, अभ्यासही करते. मात्र तोंड धुतांना ती अजून आरशाकडे पाहत नाहीं. एका रात्रीचा खेळ किती दिवस पुरतो, हें ह्यावरून दिसून येईल.

पालकांस दोन शब्द

आपण मोठीं माणसेंही ह्या बाबतींत निर्दोष नाहीं. मूल जेवत नाहीं म्हणून बागुलबुवाला हांक मारणारे, झोपत नाहीं म्हणून म्हाताऱ्या बाईच्या हवालीं करण्याचा धाक घालणारे आपणच. पुढें तेंच मूल रात्रीं एकटें उठत नाहीं म्हणून त्याला भित्रें म्हणावयासही आपणच पुढें! मुलानें भीति सांगितली तर हंसूं नये. "तुला कोणीं सांगितलें? त्या वेळीं कोण कोण होतें?" एवढें शांतपणें विचारावें. पुष्कळदां त्या उत्तरांतून भूत निघत नाहीं. मुलाला छळणारें कोणी तरी निघतें. एखादें मूल एकाएकीं पाणी पिणें सोडतें, शाळेच्या शौचकूपांत जाण्याचें टाळतें, किंवा घरीं येतांच तिकडे धांवतें, तर त्याचें कारण अवश्य शोधावें. आणि मुलें कोणतीं पुस्तकें वाचतात व हातांतल्या मोबाईलवर काय पाहतात, हें नुसतें तपासूं नये; कधीं कधीं त्यांच्याजवळ बसून तेंच आपणही वाचावें. गोष्ट कितीही भयंकर असो. शेवटीं पाठीवर हात असला, म्हणजे मूल निजतें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. आपल्या गांवांत किंवा शाळेंत सांगितली जाणारी एक भुताची गोष्ट लिहून काढा. ती तुम्हांला कोणीं सांगितली, त्याला कोणीं सांगितली, असा माग मागें मागें काढीत जा. "मीं स्वतः पाहिलें" असें म्हणणारा माणूस कितव्या पायरीवर भेटतो? भेटतो काय?

२. एका पांढऱ्या कागदाच्या मध्यभागीं शाईचा लहान ठिपका काढा. त्याच्या बाजूला खडूनें अगदीं फिकट पिवळा डाग द्या. ठिपक्यावर अर्धा मिनिट नजर खिळवा. काय होतें तें लिहा व त्याचें कारण सांगा.

३. बर्न्सच्या काळांतील मुलींना आरशांत भावी पति दिसे. आतांच्या मुलींना रक्ताळलेली मेरी दिसते. आरसा बदलला कीं पाहणारीचें मन बदललें? कापुतोच्या प्रयोगाच्या आधारें उत्तर द्या.

४. राणी मेरी व आरशांतील मेरी ह्या एकच, असें तुमच्या मित्रानें सांगितलें. त्याच्याजवळ कोणता पुरावा मागाल?

५. त्या रात्रीं दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलींपैकीं तुम्ही एक असतां, तर काय केलें असतें? उत्तर वहींत लिहावयाचें नाहीं. मनांतच द्यावयाचें आहे, परंतु खरें द्यावयाचें आहे.